निवृत्त हवाईसुंदरी असलेल्या आत्याच्या आठवणींची पुस्तिका करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आत्या १९७३ मध्ये एअर इंडियात लागल्या, या वर्षी वारल्या, आणि घरात फोटोंचे अल्बम, जुने पासपोर्ट आणि गणवेशाच्या दोन साड्या आहेत. फोटो नंतर बघा. आधी तीन तारखा शोधा: नोकरीला लागल्याची, लग्नाची आणि पहिल्या बाळंतपणाची. नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र आणि ग्रॅच्युइटीचे कागद बहुधा बँकेच्या फाइलमध्येच सापडतात.

तारखांवर एवढा भर का, तर त्या काळी हवाईसुंदरीचं खासगी आयुष्य सेवानियमांत बांधलेलं होतं. ३५ वय झालं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न झालं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, यातलं जे आधी होईल तेव्हा निवृत्ती, असा नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पुढे मुदतवाढ मिळणं व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होतं. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर (प्रवाशांची सेवा बघणारे कर्मचारी) मात्र ५८ पर्यंत नोकरीत राहत. २८ ऑगस्ट १९८१ रोजी 'एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा' निकालात न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकांचा मनमानी अधिकार रद्द केला. चार वर्षांची लग्नाची अट मात्र कायम ठेवली. तेव्हा 'संसारासाठी नोकरी सोडली' किंवा 'उशिरा लग्न केलं' असं वाक्य लिहिण्याआधी तारखा या नियमाशेजारी ठेवून बघा. पुष्कळदा तो निर्णय त्या बाईचा नसायचाच.

आत्या नक्की कुठल्या कंपनीत होत्या हेही कागदावरून पडताळा. त्या काळी देशांतर्गत उड्डाणं मुख्यतः इंडियन एअरलाइन्स या वेगळ्या कंपनीची होती (ती २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली), आणि घरोघरी दोन्हींना सर्रास 'एअर इंडिया'च म्हणत.

आता फोटो. साल लिहिलेलं नसेल तर विमान बघा. नाकाजवळचं नाव वाचता आलं तर उत्तमच: बोइंग ७०७ ना हिमालयातल्या शिखरांची नावं होती, ७४७ ना सम्राटांची. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले असतील तर ते बहुधा जंबो (म्हणजे ७४७), आणि फोटो १९७१ नंतरचा. पहिलं 'एम्परर अशोक' त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत उतरलं. केबिनमध्ये एकच बोळ आणि दोन्हीकडे तीन-तीन आसनं दिसली तर, विमान एअर इंडियाचं असल्यास, बहुधा ७०७. दोन बोळ दिसले तर जंबो किंवा नंतरची एअरबस.

पासपोर्टवरून प्रवासाची यादी करताना बहुतेक जण फसतात. क्रू (विमानातले कर्मचारी) अनेक ठिकाणी जनरल डिक्लरेशनवर, म्हणजे क्रूच्या यादीवर उतरतो. पासपोर्टवर शिक्का पडतोच असं नाही. शिक्का नाही म्हणून 'तिथे गेल्या नव्हत्या' असं धरू नका. हॉटेलांची पोस्टकार्डं, परकीय चलनाच्या पावत्या, घरी पाठवलेली पत्रं यांवरून लेओव्हरची (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाची) गावं जास्त खात्रीने कळतात.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरीही निघाला नाही तर पानासकट स्कॅन करा. छापील फोटोला ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) पुरतं, स्लाइडला किमान २४००. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. साड्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, वर्षातून एकदोनदा घड्या बदला, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. धातूचा बिल्ला साडीवर टाचलेला असेल तर काढून वेगळा ठेवा, नाहीतर डाग पडतो आणि तो जात नाही.

सहकारी भेटल्या तर 'नोकरी कशी होती?' असं विचारून फार काही निघत नाही. पहाटेच्या पिक-अपची व्हॅन किती वाजता यायची, स्टँडबाय (ऐनवेळी बोलावण्यासाठी राखीव) असताना घराबाहेर पडता यायचं का, लंडनहून येताना बॅगेत काय असायचं, गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) कोणाशी पटायचं नाही, असं विचारा. आणि या मुलाखती आधी घ्या, स्कॅनिंग मागे पडलं तरी चालेल; १९७३ च्या बॅचमधल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत.