कराराचा कागद कुठे आहे? हॉब्ज, लॉक आणि रूसोविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सामाजिक करार नेमका कधी आणि कुठे झाला? झालाच नसेल, तर आपण त्याला बांधील कसे? (एक विद्यार्थिनी, लातूर)

लोकांनी आपसांत करार करून राज्य उभे केले, म्हणून त्याचे कायदे त्यांना बांधतात, ही सामाजिक कराराची कल्पना. हॉब्ज आणि लॉक हे सतराव्या शतकातले इंग्रज आणि अठराव्या शतकातला जिनिव्हाचा रूसो हे ती मांडणारे प्रमुख तत्त्वज्ञ. असा करार कुठेच झाला नाही, आणि कल्पना मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक होते. रूसो तर विषमतेवरच्या १७५५च्या प्रबंधात, वस्तुस्थिती बाजूला ठेवूनच सुरुवात करू, असे उघड सांगतो. लॉक मात्र रोम आणि व्हेनिसचे दाखले देत बसतो. पुढच्या पिढ्यांनी कधी होकार दिला, या शंकेवर त्याचे उत्तर ‘मूक संमती’ हे आहे. राज्यातल्या रस्त्यावरून नुसते चाललात तरी तिथला कायदा तुम्ही मान्य केलात!

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८च्या निबंधात याची पार रेवडी उडवली. तुम्हाला झोपेत जहाजावर आणून टाकले, जाग आली तर चहूकडे समुद्र. उडी मारून जीव दिला नाहीत, म्हणून कप्तानाची हुकमत राजीखुशीने पत्करली म्हणायची का? ज्या गरीब कारागिराला परकी भाषा येत नाही आणि ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याने देश सोडला नाही यात कसली संमती, असे तो विचारतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९३च्या निबंधात यातून वाट काढली. करार ही घडलेली गोष्ट नाही, ती कायद्याची कसोटी आहे : साऱ्या प्रजेला ज्याला होकार देता येणे शक्यच नाही, तो कायदा अन्याय्य. मला हे पटते. पण त्याच निबंधात कांट प्रजेला बंडाचा हक्क साफ नाकारतो, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : हॉब्जला माणूस दुष्ट वाटतो, रूसोला सज्जन. खरे कोणाचे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

पाठ्यपुस्तकांनी दोघांवरही अन्याय केला आहे. माणसाच्या वासना हे मुळात पाप नाही, असे हॉब्जने स्वच्छ लिहिले आहे. भांडणाची कारणे तो तीन देतो : स्पर्धा, अविश्वास आणि मानाची हाव. यातला अविश्वास सगळ्यांत घातक. दोन भली माणसे समोरासमोर आहेत आणि वर पोलीस, न्यायालय काही नाही. समोरचा आधी वार करील या धास्तीने दोघेही शस्त्र उचलतात. इंग्लंडमध्ये यादवी पेटली, १६४९मध्ये राजाचे मुंडके उडाले, आणि १६५१मध्ये पॅरिसमध्ये परागंदा असलेल्या हॉब्जचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला अत्याचारी राजापेक्षा राजाच नसण्याची भीती जास्त होती.

आपल्याकडे याला झटकन ‘मात्स्यन्याय’ म्हणतात, पण तिथे मोठा मासा लहानाला गिळतो. हॉब्जचे मासे जवळजवळ सारख्याच आकाराचे आहेत. दुबळ्यातला दुबळाही कपटाने किंवा चौघांना हाताशी धरून बलवानाला मारू शकतो, म्हणून तर कोणालाच झोप नाही. (कौटिल्यातही त्रस्त प्रजा मनूला राजा करते आणि धान्याचा सहावा हिस्सा देते. पण ही कथा त्याने लोकांत पसरवायला गुप्तहेरांच्या तोंडी घातली आहे. बेरकी माणूस!)

रूसोचा आदिमानवही साधुसंत नव्हे. त्याला नीती-अनीती कळतच नाही. तो एकटा हिंडतो, पोट भरतो, दुसऱ्याचे दुःख पाहून कळवळतो. बिघडतो तो शेजाऱ्याशी तुलना सुरू झाल्यावर आणि जमिनीला कुंपण पडल्यावर. भीतीबद्दल मला हॉब्ज पटतो, मत्सराबद्दल रूसो.

प्रश्न : ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडले जाईल’ हे रूसोचे वाक्य म्हणजे हुकूमशाहीच नाही का? (पुणे)

वाक्य १७६२च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथातले, आणि घाबरवणारे आहे खरे. सोसायटीची सभा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकाला आपल्या गाडीला जागा हवी. या सगळ्या हट्टांची बेरीज म्हणजे सर्वांची इच्छा. अग्निशमनाच्या गाडीसाठी वाट मोकळी हवी, हे सभासद म्हणून प्रत्येकाला मान्य असते, ती सामूहिक ईहा, म्हणजे सर्वांच्या हिताची इच्छा. मग त्या वाटेत गाडी लावणाऱ्याला हटवले, तर त्याने स्वतःच केलेला नियम त्याला पाळायला लावला एवढेच, असा रूसोचा युक्तिवाद. स्वतः केलेला कायदा पाळणे हेच त्याच्या लेखी स्वातंत्र्य.

इथवर ठीक. पण सामूहिक ईहा अमुक आहे, हे सांगणार कोण? रूसोला गट नकोत, कायदे करायला प्रतिनिधीही नकोत. इंग्रज फक्त पार्लमेंट निवडताना स्वतंत्र असतात, एरवी गुलाम, असा शेरा त्याने मारला आहे. हे चालले तर जिनिव्हाएवढ्या नगरराज्यातच, फ्रान्सएवढ्या देशात नाही. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत विरोधकांना गिलोटिनवर चढवणाऱ्या रोबस्पिएरने त्याचे नाव जपले, पण १७७८मध्ये वारलेल्या माणसाच्या माथी गिलोटिन मारणे मला पटत नाही. मला खरे भय वाटते ते ग्रंथाच्या शेवटाकडच्या नागरी धर्मावरच्या, म्हणजे राज्याने ठरवलेल्या आणि सर्व नागरिकांनी मानायच्या धर्मावरच्या, प्रकरणाचे. त्या धर्माची तत्त्वे जाहीरपणे मान्य करून मग त्याविरुद्ध वागणाऱ्याला तिथे मृत्युदंड आहे. गंमत अशी, की खुद्द जिनिव्हाने १७६२मध्येच हा ग्रंथ जाळला.

प्रश्न : लॉक स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता, मग गुलामांच्या व्यापारात त्याचा पैसा कसा? (नागपूर)

होता, हे खरे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. अमेरिकेतल्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या मालकांचा तो सचिव होता, आणि तिथल्या १६६९च्या घटनेने मालकाला गुलामावर पूर्ण सत्ता दिली. त्या मसुद्यात लॉकचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्याचाच सिद्धांत त्याला सोडत नाही. न्याय्य युद्धात पकडलेला आक्रमकच तेवढा गुलाम होऊ शकतो, त्याची बायकामुले नाहीत, असे तो स्वतः लिहितो. जहाजात कोंबून नेलेल्या माणसांना हे कुठेच लागू पडत नाही.

विचार मात्र लेखकाच्या ताब्यात राहत नाहीत. लॉकची नैसर्गिक, म्हणजे जन्मजात, हक्कांची भाषा इंग्रज लेखक थॉमस पेनने १७९१-९२मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये वापरली, ते पुस्तक जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले, आणि १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली.

प्रश्न : मूळ ग्रंथ वाचायचे आहेत, कुठून सुरुवात करू? (कोल्हापूर)

‘लेव्हायथन’चे तेरावे प्रकरण, मग लॉकच्या राज्यसंस्थेवरच्या दुसऱ्या प्रबंधातले मालमत्तेवरचे पाचवे. रूसोच्या ‘सामाजिक करार’चा पहिला भाग सलग वाचा, छोटाच आहे. ह्यूमचा निबंध शेवटी घ्या. आधी वाचलात तर बाकीचे वाचायचा हुरूपच जाईल.