हवामानाच्या नकाशावरील वर्तुळ, काठी आणि आकडे कसे वाचावेत?

हवामान खात्याच्या नकाशावर प्रत्येक वेधशाळेच्या जागी एक छोटे वर्तुळ, त्याला जोडलेली काठी आणि भोवती काही आकडे असतात; ते कोणत्या क्रमाने वाचायचे, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात भूगोल शिकवत आलो आहे, त्यामुळे उदाहरणही इथलेच घेतो.

समजा, मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचच्या नकाशावर सोलापूरच्या जागी अर्धे काळे वर्तुळ आहे. त्याच्या डावीकडे वर ४१ आणि खाली १४, उजवीकडे वर ०५२, आणि वायव्येकडे निघालेल्या काठीच्या टोकाशी एक पूर्ण व एक अर्धी रेघ आहे. वर्तुळ ढगांचे प्रमाण सांगते: आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकलेले आहेत, तेवढे ते भरलेले असते. काठी ज्या दिशेला निघते त्या दिशेकडून वारा येतो, आणि विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते ती इथेच. पूर्ण रेघ १० नॉटची, अर्धी ५ नॉटची, भरीव त्रिकोण ५० नॉटचा. म्हणजे इथे १५ नॉटचा, ताशी सुमारे २८ किलोमीटरचा वायव्य वारा आहे.

०५२ हा हवेचा दाब आहे. सुरुवातीचे १० आणि दशांशचिन्ह जागा वाचवण्यासाठी गाळलेले असते, म्हणून तो १००५.२ हेक्टापास्कल असा वाचावा. ९८६ दिसले तर मात्र पुढे ९ लावून ९९८.६. आपल्या मोबाइलमध्ये दाबमापक असेल तर तो सोलापुरात साधारण ९५५च्या आसपास आकडा दाखवील. त्याने गोंधळू नये. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि नकाशावरचा दाब समुद्रसपाटीला आणून लिहिलेला असतो.

डावीकडचे ४१ हे तापमान बहुतेक जण आधी पाहतात. माझ्या मते सोलापूरकराने त्याखालचे १४ आधी पाहावे, कारण मे महिन्यात ऊन आहे हे कळायला नकाशा लागत नाही. १४ हा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केल्यास तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान. दोन्हींतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर असतो, असा ढोबळ हिशेब आहे. इथे फरक २७ अंशांचा, म्हणजे तळ ३,३०० मीटरहूनही वर. एवढ्या कोरड्या हवेतून पडताना बरेच थेंब वाटेतच वाळून जातात. नुसता गडगडाट, तोंडात धूळ आणि अंगणात चार टपोरे थेंब, असा आपल्याकडचा फसवा वळीव बऱ्याचदा यातूनच येतो. जूनमध्ये तापमान ३३ आणि दवबिंदू २३ दिसू लागला की तळ १,२५० मीटरवर उतरतो, आणि मग पावसाबद्दल बोलण्यात अर्थ असतो.

तापमान आणि दवबिंदू यांच्या मधोमध चालू हवेचे चिन्ह असते. टिंब म्हणजे पाऊस, स्वल्पविराम म्हणजे रिमझिम, तीन आडव्या रेघा म्हणजे धुके. दोन टिंबे शेजारीशेजारी असतील तर हलका पण सतत पाऊस, आणि एकाखाली एक असतील तर मध्यम पण थांबून थांबून पडणारा. बाकीची चिन्हे नकाशासोबतच्या सूचीत पाहिली तरी चालते, पाठ करण्याची गरज नाही.

एकट्या सोलापूरचे वर्तुळ वाचून उद्याचा अंदाज मात्र बांधू नये. आधी समदाब रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहाव्यात: त्या जितक्या दाट, तितका वारा जोराचा. मग कमी दाबाचे केंद्र शोधावे. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो, आणि काठ्या वाचताना हाच नियम उपयोगी पडतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली कमी दाबाची प्रणाली तेलंगणातून सोलापूरकडे आली आणि पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला. अशी प्रणाली आपल्या पूर्वेला असते तेव्हा सोलापूरची काठी साधारणपणे उत्तरेकडे निघालेली दिसते आणि केंद्र पश्चिमेला सरकले की दक्षिणेकडे वळते. म्हणून अशा दिवसांत लागोपाठचे नकाशे शेजारी ठेवून सोलापूर, कलबुर्गी आणि हैदराबाद येथील काठ्या पाहाव्यात.