खानापूर तालुक्यात महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा उपक्रम स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालेल का?

तुम्ही विचारलंय: "आम्ही खानापूर तालुक्यातले सात-आठ जण आहोत. परदेशात नोव्हेंबरभर कादंबरी लिहितात, तसं आपल्या भागात मराठीतून करायचं आहे. हाताशी पैसा नाही. स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालेल का? सुरुवात कुठून करायची?"

चालेल. तुमच्याच जिल्ह्यात, बेळगावात, आम्ही असाच उपक्रम तीन वर्षं चालवतोय, म्हणून खात्रीनं सांगते. मी डीटीपीचं काम करते, दुसऱ्यांची पुस्तकं लावून देण्यात दिवस जातो, त्यातूनच या नादाला लागले. तुम्हाला पैशाची काळजी वाटतेय, पण आमच्याकडे पैसा कमी पडला म्हणून एकाचीही कादंबरी अडली नाही. बाराव्या दिवशी "कुठवर आलं?" असं विचारायला कुणी गेलं नाही म्हणून मात्र पहिल्या वर्षी चौदापैकी नऊ वह्या अर्ध्यावर राहिल्या. त्या नऊ जणांकडे लिहिण्यासारखं नव्हतं असं अजिबात नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी मूळ उपक्रमाबद्दल थोडं. १९९९च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी या तरुणानं मित्रमैत्रिणी जमवून 'नॅनोरायमो' (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) सुरू केला. तेव्हा ते २१ जण होते. पुढच्या वर्षी त्यांनी महिना बदलून नोव्हेंबर धरला, कारण त्यांच्याकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणूस घरात बसतो. त्या वर्षी १४० जण आले, तिसऱ्या वर्षी पाच हजारांच्या घरात गेले. नियम एकच: ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. पुढे त्याची संस्था झाली. ती देणग्यांवर चालायची आणि शहराशहरांत स्वयंसेवक असायचे, ते ग्रंथालयात नाहीतर कॉफीच्या दुकानात लोकांना एकत्र बसवून लिहायला लावायचे. ही संस्था बंद करत असल्याचं ३१ मार्च २०२५ला जाहीर झालं. पैशाची ओढाताण होती, आणि त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत लोकांचा विश्वासही उडाला होता. त्यात लहान वयाच्या लेखकांच्या सुरक्षिततेबद्दलच्या तक्रारी होत्या. याचा आपल्याशी काय संबंध, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे नोव्हेंबर सोडा. आपल्याकडे तेव्हा ऐन सुगी असते. भातकापणी आणि मळणीत खानापूर-जांबोटीकडे संध्याकाळी पेन धरायला हाताला त्राण राहत नाही. चिकोडी, हुक्केरीकडे ऊसतोड सुरू झालेली असते. शिवाय १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव, दुसरीकडे आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, रस्त्यावर बंदोबस्त. कादंबरीचं पहिलं पान लिहायचा तो दिवस नव्हे. आम्ही १५ जानेवारी ते १३ फेब्रुवारी हा काळ धरलाय, बरोबर ३० दिवस होतात. तिळगूळ वाटून झाला की वही उघडायची. १७ जानेवारीला हुतात्मा दिन असतो, सीमालढ्यात १९५६ साली गेलेल्यांची आठवण, त्या दिवशी एकत्र बसणं ठेवत नाही. ज्याला घरी लिहायचं तो लिहितो. महिना आपल्या कामधंद्याप्रमाणे ठरवा, एवढंच म्हणणं.

दुसरं, शब्दांचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आपले शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'घरातल्या माणसांसाठीसुद्धा' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत तेवढ्याला सहा-सात लागतात. तेव्हा ५०,००० मराठी शब्द म्हणजे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मजकूर. आमच्यातले निम्म्याहून जास्त लोक हातानं लिहितात, त्यांना शब्द मोजत बसायला सांगणं हा जुलूमच. मग आम्ही दोनशे पानी वही हेच माप ठरवलं. साधारण अक्षरात पानावर दीडशे शब्द बसतात, दोनशे पानांत तीस हजार, रोजची सात पानं झाली की बस. "वही भरली" हे घरातल्या आजीलाही कळतं. मोबाईलवर लिहिणाऱ्यांना तीस हजार शब्द. बोलून टाईप करणारेही आहेत, तेही चालतं. फक्त सगळ्यांना आधीच सांगा की मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. जुन्या फॉन्टात लिहून आणलेलं बदलताना जोडाक्षरं फुटतात, मग एकेक काना-वेलांटी दुरुस्त करत रात्री काढाव्या लागतात. मी काढल्यात.

आता स्वयंसेवक. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा उपक्रम यांच्यावर तोलून उभा असतो.

पाच लेखकांमागे एक माणूस धरा. त्याला साहित्यातलं कळलंच पाहिजे असं नाही, त्याच्याकडे वेळ आणि माया पाहिजे. आमच्याकडे एक भाजीचा गाडा लावणारा आहे, एक बालवाडीच्या बाई आहेत, एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत. काम काय, तर तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी फोन, अकराव्या-बाराव्या दिवशी जमलं तर प्रत्यक्ष घरी, मग विसाव्या दिवशी पुन्हा. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. दुसऱ्यात माणसाला वाटायला लागतं की आपण लिहितोय ते भिकार आहे, त्यापेक्षा झोपलेलं बरं. तेव्हाच कुणीतरी दारात उभं राहावं लागतं.

गेल्या वर्षी येळ्ळूरच्या एका ताईंची वही एकसष्टाव्या पानावर थांबली. मी आणि रेल्वेतले काका बाराव्या दिवशी संध्याकाळी गेलो. त्या भाकऱ्या थापत होत्या. वही चुलीशेजारच्या कोनाड्यात, तिच्या कव्हरावर पिठाचा अंगठा उमटलेला. काकांनी विचारलं, "काय गे, लिवूलालीस न्हवं?" त्या म्हणाल्या, "कुठलं काका, माझी बाई चार दिवस लोंढ्याच्या फलाटावरच बसलीया. गाडीत बसवली तर पुढं काय दिसतंय तेच मला ठाऊक नाही. मी लोंढ्याच्या पलीकडं कधी गेलेच नाही." नायिका नवरा सोडून गोव्याला निघाली होती आणि लेखिकेला रस्ता माहीत नव्हता, एवढीच अडचण. काका तिथंच पाटावर बसले. लोंढ्यावरून गाडी सुटली की कॅसलरॉकला कशी थांबते, मग घाट उतरताना बोगद्यांमागून बोगदे कसे येतात, दूधसागरचं पाणी खिडकीतून आत कसं उडतं, पुढे कुळें कसं येतं, सगळं सांगितलं. भाकरी तव्यावर करपली. ताईंनी हात धुतले आणि त्याच रात्री नऊ पानं लिहिली. पुढं वही पूर्ण झाली. काकांनी त्यांचं एक वाक्यही सुधारलं नाही, सुधारायला ते गेलेच नव्हते.

म्हणून स्वयंसेवकांना एकच सक्त ताकीद द्या: वही मागायची नाही, वाचायची नाही, शुद्धलेखन काढायचं नाही. लेखकानं आपणहून वाचून दाखवलं तर ऐकायचं. आपल्याकडे प्रमाणभाषेचा धाक फार आहे. "माझी बोली बेळगावी, त्यात कानडी मिसळलेली, ही पुस्तकात कशी चालेल?" हा प्रश्न दर वर्षी येतो. चालेल, चाललीच पाहिजे. संवादात कानडी आली तर ती देवनागरीत तशीच लिहा. घरात कानडी आणि शाळेत मराठी अशीही मुलं आमच्यात आहेत, त्यांच्या वह्यांतलं बोलणं इतकं खरं असतं की मला हेवा वाटतो. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत जन्मभर लिहीत राहिले, ते गिऱ्हाइकांच्या आणि कामगारांच्या बोलीतूनच. आपल्या भागात हे उदाहरण असताना कुणी भाषेला बिचकू नये.

स्वयंसेवकांनाही जपा. दुसऱ्या वर्षी एका पोरीवर आम्ही अकरा लेखक टाकले, नोकरी सांभाळून ती सगळ्यांना फोन करत राहिली आणि महिना संपल्यावर पुन्हा कधी आली नाही. चूक आमची होती. तेव्हापासून पाचाचा आकडा मोडत नाही. लेखक जास्त झाले तर सरळ पुढच्या वर्षी या म्हणून सांगतो.

एकत्र लिहायला आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी तीन तास पुरतात. जागा फुकट मिळते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, म्हणजे वाचनालयात बसायची आपली सवय आजची नाही. तुमच्या तालुक्यात वाचनालय, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. वीस मिनिटं गप्प लिहायचं, दहा मिनिटं चहा, पुन्हा वीस मिनिटं. भाषण नको, व्यासपीठ नको. सीमाप्रश्नावरसुद्धा तिथं बोलायचं नाही. त्यावर आमची मतं नाहीत असं नाही, पण बोलणं सुरू झालं की तीन तास कुठं जातात कळत नाही, आणि वही कोरी राहते.

देणग्यांचं म्हणाल तर आपल्या पोरांना गणपतीची वर्गणी गोळा करायचा सराव आहे. तोच वापरा, पण रक्कम मागू नका, वस्तू मागा. "उपक्रमाला मदत करा" म्हटलं की माणूस खिसा चाचपतो. "एका लेखकाची वही आणि पेन तुमच्याकडून द्या" म्हटलं की दुकानदार लगेच हो म्हणतो, वर विचारतो, "माझी वही कुणाला दिली?" वह्या एकाकडून, चहा दुसऱ्याकडून, झेरॉक्स तिसऱ्याकडून, आणि रोख फारच थोडी लागते. पहिल्या वर्षी आमचा रोख खर्च नऊ हजारांच्या आत होता. रोख घेतली की छापील पावती द्या, खातं दोघांच्या सहीचं ठेवा, आणि जमाखर्चाचा कागद दर रविवारी भिंतीवर चिकटवा. चहाच्या पत्तीपर्यंत सगळं त्यावर पाहिजे.

एका मोठ्या दात्यावर अवलंबून राहू नका. दुसऱ्या वर्षी एकानं निवडक पाच कादंबऱ्या छापून देतो म्हणून शब्द दिला. आम्ही तो लेखकांना सांगून बसलो. मग बॅनरवर फोटो केवढा यावरून त्यांचं बिनसलं आणि त्यांनी हात काढून घेतला. पाच घरी जाऊन "पुस्तक निघणार नाही" असं सांगायची पाळी माझ्यावर आली. आता छपाईचं नावही काढत नाही. वही पूर्ण करणाऱ्याला त्याच्या वहीची झेरॉक्स प्रत बाइंडिंग करून देतो. शाल-श्रीफळ नाही, त्याच पैशात चार वह्या येतात.

सुरुवातीला नोंदणीची घाई नको. मोठ्या रकमा यायला लागल्या तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली संस्था नोंदवता येते. दात्याला करात सवलत हवी असेल तर संस्थेला आयकर खात्याची मान्यता (ती ८०जी या नावानं ओळखली जाते) घ्यावी लागते, आणि तीसुद्धा २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या रोख देणगीवर मिळत नाही. तुमच्याकडची बरीच मंडळी गोव्यात, पुण्यात आहेत, काही आखातात. आखातातल्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांकडून मात्र विदेशी देणगीच्या सरकारी परवान्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

मुलांबद्दल आमचा नियम कडक आहे, वर तक्रारींचं लिहिलं ते याचसाठी. अठराखालच्या लेखकाला स्वयंसेवक एकटा फोन करत नाही, एकटा भेटत नाही, जे काही ते पालकांसमोर. दहावी आणि पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) मुलांना घेतच नाही, परीक्षा तोंडावर असते.

आणि आपल्याकडे हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावला संमेलनं होतात, तीही गावकऱ्यांच्या कष्टावर आणि वर्गणीवरच. तिथं ग्रंथदिंडीपासून कथाकथनापर्यंत बसून राहणारी जी माणसं दिसतात, त्यांच्यातच तुमचे लेखकही आहेत आणि स्वयंसेवकही. तिथं टेबल मांडायची परवानगी मागा, कोऱ्या वह्या ठेवा आणि नावं लिहून घ्या. पहिल्या वर्षी दहा लेखक आणि दोन स्वयंसेवक एवढंच धरा. तुम्ही सात-आठ जण आहात, त्यातल्या दोघांनी लिहायचा मोह सोडून फोन हातात घेतला की झालं. दिवाळीनंतर बैठक घ्या, सुगी उरकेपर्यंत वह्या जमवा. काकांना लोंढ्यापर्यंत पास आहे, ते तुमच्या पहिल्या रविवारी येतो म्हणालेत.