शेवटचा रकाना पुसून टाक

सॅक्रामेंटो, 23 फेब्रुवारी 2020

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, मत कुणाला द्यावं यासाठी तू केलेला तक्ता काल रात्री दोनदा उघडून बघितला. आठ उमेदवार, अकरा रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. आरोग्य विमा, हवामान, कॉलेजचं कर्ज, इमिग्रेशन, सगळं नीट मांडलंयस. आणि खाली एकच ओळ: 'मावशी, यातले पाच जण तरी मला चालतील, मग निवडू कशी?'

शेवटचा रकाना बघून मात्र मला राहवेना. 'ट्रम्पला हरवण्याची शक्यता.' त्या एकट्याला तू चाळीस टक्के वजन दिलंयस. हे गुण आणलेस कुठून? टीव्हीवरच्या चर्चेतून, मतदारांच्या पाहण्यांतून, तुझ्या रूममेटच्या बोलण्यातून. म्हणजे बाकीचे दहा रकाने स्वतःच्या डोक्याने भरलेस आणि निकाल लोकांच्या अंदाजावर सोडलास. पुसून टाक तो रकाना. मत म्हणजे भाकीत नव्हे.

मी एवढी का चिडते ते सांगते. हे तुझ्या आईलाही कधी बोलले नाही.

2004 साली आम्ही आयोवात, डे मॉइनजवळ राहायचो. आदल्याच वर्षी नागरिकत्व मिळालेलं. 19 जानेवारीला संध्याकाळी कॉकस होतं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची मतदारांची सभा. तिथे तेव्हा चिठ्ठी नसायची. आपल्या उमेदवाराच्या गटात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. मला हॉवर्ड डीन हवा होता. इराकच्या युद्धाला तो सुरुवातीपासून नको म्हणत होता आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. दुसरा उमेदवार जॉन केरी, त्याने 2002 मध्ये सिनेटमध्ये त्याच युद्धाच्या परवानगीच्या बाजूने मत दिलेलं. पण आठवडाभर जो तो एकच सांगत होता: डीन पडेल, केरी व्हिएतनाममध्ये लढून आलेला आहे, बुशसमोर तोच टिकेल. शाळेच्या जिममध्ये शिरलो आणि तुझे काका नि मी केरीच्या गर्दीत जाऊन उभे राहिलो.

मोजणी झाली. 118 माणसं. गट टिकायला 15 टक्के लागायचे, म्हणजे 18. डीनच्या कोपऱ्यात 16. नारिंगी टोपी घातलेला एक मुलगा, तुझ्याच वयाचा, बर्फाने ओल्या झालेल्या त्या फरशीवरून गटागटापाशी जाऊन सांगत होता, फक्त दोन माणसं हवीत, फक्त दोन. गट बदलायला वेळ होता. आम्ही दोघंच होतो, बाळ, बरोबर दोघं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. तो गट मोडला आणि ते सोळा जण पांगून इतरांमध्ये मिसळले.

केरी आयोवा जिंकला, पुढे उमेदवारीही जिंकला. नोव्हेंबरात हरला. ज्या आयोवात आम्ही त्याला 'जिंकणारा' म्हणून निवडलं, ते आयोवासुद्धा थोडक्यात बुशकडे गेलं. डीन असता तर जिंकला असता असं मी म्हणत नाही. बहुधा तोही हरला असता. पण मग मी माझ्या माणसासोबत उभी राहून हरले असते. मी ना जिंकले, ना माझं म्हणणं मांडलं.

चार वर्षांनी तीच मंडळी सांगत होती, देश काळ्या माणसाला अध्यक्ष करणार नाही. ओबामांनी 3 जानेवारी 2008 ला तेच आयोवा जिंकलं. त्या रात्री जो बायडन यांना एक टक्काही मिळाला नव्हता, आणि आज त्यांच्याच नावापुढे तुझ्या तक्त्यात जिंकण्याच्या शक्यतेचे नऊ गुण आहेत! 2016 मध्ये ट्रम्प येणारच नाहीत हे किती जणांनी छातीठोक सांगितलं होतं, आठव. आयोवात यंदा साधा निकाल सांगायचं ॲप चाललं नाही, आणि नोव्हेंबरचा निकाल तू आत्ता मांडायला बसलीस. मत म्हणजे भाकीत नव्हे, बाळ. किती वेळा सांगू?

तू म्हणशील, ट्रम्पना हरवणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट नाही का? आहे. मला कळत नाही का? पण ते काम नोव्हेंबरचं. जो उभा राहील त्याच्यासाठी तेव्हा दारोदार जाऊ, तू नि मी दोघी. प्रायमरीत पक्ष तुला विचारतोय, आमच्या पुढे कोण चालावं? त्याला उत्तर काय देतेस, तर 'बाकीचे कुणाला देतील असं मला वाटतं'? ते बाकीचेही तुझ्याकडेच बघतायत.

गणित तू मला शिकवशीलच. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात कॅलिफोर्नियाचे 415 प्रतिनिधी, पण राज्यात किंवा मतदारसंघात 15 टक्के न मिळालेल्याला तिथून एकही नाही. हेच आकडे काका गेले दहा दिवस मला ऐकवतायत. मी माझी मतपत्रिका सहा तारखेलाच पोस्टात टाकली. सिनेटर मायकल बेनेट यांना मत दिलं. अकरा तारखेला ते शर्यतीतून बाहेर पडले. काका म्हणतात, वाया गेलं. मी म्हणते, नाही गेलं. अकरा वर्षं मी लहान मुलांच्या शाळेत काढली. महिनाअखेरीला डब्यात नुसता कोरडा ब्रेड आणणारी पोरं बघितली. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आईबापांना महिन्याला 300 डॉलर द्यावेत असं विधेयक बेनेटनी सिनेटमध्ये आणलं होतं. माझ्या दहा रकान्यांत तो एकच रकाना मला रात्री झोपू देत नाही. त्यांना किती मतं पडली हे मोजलं जाईलच, आणि त्यात माझं एक असेल. तुझ्या काकांना हे पटत नाही. न पटू दे.

आता तुझं. पाच जण सारखे वाटतात कारण तू बाकीच्या सगळ्या रकान्यांना जवळजवळ सारखंच वजन दिलंयस. सगळं सारखं महत्त्वाचं नसतं. बाबांची नोकरी गेली तेव्हा विमाही गेला आणि आईचं ऑपरेशन चार महिने पुढे ढकललं, ते तू घरात राहून बघितलंस. मग सँडर्स आणि वॉरन म्हणतात तसा सगळ्यांना एकच सरकारी विमा हवा, की बायडन, बूटेजेज, क्लोबुशार म्हणतात तसा खासगीच्या जोडीला सरकारी, यावर तुझं मत नाही असं होईलच कसं? आणि तुझी ती मैत्रीण, जी पुढच्या वर्षी 21 ची होईल आणि जिचा एच-4, आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळणारा व्हिसा, संपेल, जिच्यासाठी तू मागच्या दिवाळीत माझ्यासमोर रडलीस, ती तक्त्यात कुठे आहे? सहाव्या रकान्यात, पाच टक्के वजन. खरंच पाच टक्के?

त्या दोन रकान्यांवर बोट ठेव आणि पुन्हा बघ. बाकीचं बाजूला राहू दे. एखाद्याचे भाषणाचे दोन गुण कमी पडले तर पडू देत.

आणखी एक. आईने सांगितलं, मतपत्रिकेचं पाकीट अजून उघडलेलंच नाही, मिक्सरच्या मागे पडलंय. आजच उघड. नोंदणीच्या वेळी तू 'नो पार्टी प्रेफरन्स', म्हणजे कुठलाच पक्ष नाही, असं लिहिलं होतंस. तू वेगळी मागणी केली नसशील तर त्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा रकानाच नसेल. तसं निघालं तर ती भरू नकोस. सोबत घेऊन व्होट सेंटरवर जा आणि डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर बॅलट, म्हणजे पक्ष न लिहिलेल्यांना मिळणारी त्या पक्षाची मतपत्रिका, माग. सॅन होजेतली काही सेंटर कालपासून उघडली आहेत. शेवटचा दिवस मंगळवार, 3 मार्च, रात्री आठपर्यंत. पोस्टाने पाठवणार असशील तर पाकिटावर सही कर. तिकीट लावावं लागत नाही.

कुणाला दिलंस ते मला सांगायला नको. पण तू हट्टाने धरलेला तो एक रकाना कोणता, तेवढं कळव.

तुझी,
मावशी