आधी उतरव, मग ऐक

पोरी,

पत्र पोचलं. त्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की डोळे भरून येतात, कॅसेट थांबवून मागे घेतेस आणि पुन्हा तेवढंच ऐकतेस, घरातले हसतात, असं लिहिलंस. हसू देत त्यांना. हळवं व्हावं की होऊ नये, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. मला खटकलं ते 'मागे घेते' हे.

ते आजपासून बंद. कॅसेटमधलं सगळं आधी कॉम्प्युटरवर घ्यायचं. आधी उतरव, मग ऐक.

कॅसेटमधली फीत पावणेचार मिलिमीटर रुंद असते. चुंबकीय भुकटीचा पातळ थर, त्यात दोन्ही बाजूंचं सगळं गाणं. दर वेळी ती टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, घासली जाते. एकाच जागी थांबव, मागे घे, पुन्हा लाव असं केलं की तिथे ती ताणते आणि चुरगळते. तुझ्याकडच्या बऱ्याच कॅसेटी ९० मिनिटांच्या आहेत म्हणालीस. त्यांची फीत ६० मिनिटांवालीपेक्षा पातळ असते, म्हणून त्या लवकर अडकतात. वर्षानुवर्षं न लावलेली कॅसेट पहिल्यांदा जशी वाजेल तशी पुन्हा वाजेलच याचा भरवसा नाही. म्हणून ते पहिलं वाजणं कानांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. रडायला पुढे आयुष्य आहे.

काका म्हणतात, सगळं यूट्यूबवर आहे. काय आहे? धुऊनपुसून काढलेलं गाणं आहे. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटमध्ये त्या घरातली कुकरची शिटी आहे, 'गप बसा रे' म्हणणारा आवाज आहे, आणि बाजू पालटली की श्रावणात कानबाईच्या, आपल्या खान्देशातल्या देवीच्या, रात्री बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी आहेत. ती कोणत्या कंपनीनं काढली? कोणीच नाही. काकांना सांग, यूट्यूबवर तुमच्या आईचा आवाज सापडला तर दाखवा. सांगताना आवाज चढवू नकोस, तो माझा दुर्गुण आहे.

आता कामाचं.

पत्र्याच्या माळ्यावरून सगळं आधी खाली आण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोलीत ठेव, उभ्या, स्पीकरपासून लांब. एक दिवस तशाच राहू देत. मग एकेक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून गुंडाळी बघ. कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत घाल आणि मशीनमध्ये अजिबात घालू नकोस, नाहीतर तीच बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागेल.

मग मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची कानं मोड. बाजू ए आपल्याकडे आणि फीत खाली धरली तर वर डावीकडचं कान ए बाजूचं. कान मोडलं की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. खान्देशात कितीतरी घरांत चांगल्या गाण्यांवर साखरपुडे भरले गेलेत, ते ही दोन कानं न मोडल्यापायी.

षटकोनी पेन्सिल चाकात घालून फीत थोडी पुढे-मागे फिरवून बघ, मोकळी फिरते का. अगदी टोकापर्यंत मशीननं जोरात नेऊ नकोस, टोकाचा जोड वाळलेला असतो, झटक्यानं सुटतो. मधोमध पातळ पत्तीवर छोटा नमदा, म्हणजे फीत हेडवर दाबणारा लोकरीसारखा तुकडा, दिसतो का बघ. त्याचा गोंद सुकून तो गळतो. नमदा नसला की आवाज ये-जा करतो आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. कॅसेट खराब नसते. पाच स्क्रूंची दुसरी बिनकामाची कॅसेट उघड आणि तिच्या खोक्यात ही गुंडाळी बसव. कडा चिकटवलेली असेल तर सांध्यावर पातळ पातं सावकाश चालव. घाई असेल तर हात लावू नकोस.

मशीन कुठलं? ज्यावर भरली तो टेपरेकॉर्डर जिवंत असेल तर तोच उत्तम, कारण त्याचं हेड जेवढं तिरकं तेवढंच तिरकं गाणं भरलेलं आहे. त्याचा आतला रबरी पट्टा बहुतेक चिकट झाला असेल किंवा सैल पडला असेल. पट्टा बदल. सैल पट्ट्यानं गाणं डुलतं, आणि ते डुलणं नंतर कॉम्प्युटरवर सरळ करत बसण्यात अर्थ नाही. हेड आणि शेजारची लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, ९९ टक्केवालं. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. नेलपॉलिश काढायचं द्रव तर मुळीच नको, प्लास्टिक वितळेल. रबरी चाकाला ओल्या फडक्यावर किंचित साबण पुरे. सगळं पूर्ण वाळू दे.

हेडफोनच्या भोकातून घेऊ नकोस. 'लाइन आउट' लिहिलेलं भोक असेल तर तिथून घे. लॅपटॉपच्या एकाच भोकात बहुतेक वेळा फक्त माइक चालतो, तोही मोनो, म्हणून लाइन इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घे. केबल वगैरे जळगावच्या गोलाणी मार्केटात विचार. आवाज भरायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि फाइल डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण एक जीबी जागा लागेल. एमपी३ मध्ये उतरवलंस तर जागा वाचेल आणि मी रागावेन. आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, अचानक कोणी मोठ्यानं ओरडलं तरी उणे ६ च्या वर जायला नको. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

रेकॉर्डिंग चालू कर, मगच प्ले दाब. आवाज बोदा आला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरव. टाळ, बांगड्या, 'स' आणि 'श' जिथे सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांब. हेसुद्धा रेकॉर्डिंग चालू ठेवूनच. दर कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, त्याला इलाज नाही.

लाइट जाणार हे धरून चाल. लॅपटॉप बॅटरीवर असेल, पण टेप तिथेच थांबेल आणि फीत रबरी चाकाखाली दाबलेली राहील. लगेच स्टॉपचं बटण दाबून ती मोकळी कर. इन्व्हर्टरवर चालवलंस तर गुणगुण घुसू शकते, त्यापेक्षा लाइट यायची वाट बघ.

खरखर काढायची बटणं ऑडॅसिटीतच दिसतील. मूळ फाइलला ती लावू नकोस. लोक मला हेकट म्हणतात या बाबतीत. म्हणोत. खरखर काढताना बांगड्याही जातात, आणि गेलेल्या बांगड्या परत घालायचं बटण कोणी केलेलं नाही. प्रत काढ, त्या प्रतीवर हवे ते प्रयोग कर.

व्हीएचएसचा, म्हणजे व्हिडिओ कॅसेटींचा, नियम तोच, फक्त जास्त कडक. बुरशी तिथे जास्त धरते. व्हीसीआरमधला फिरणारा ड्रम पुसताना कापड आडवंच चालवायचं. वर-खाली केलं तर हेड तुटतं. लाइट गेली आणि फीत आत अडकली तर ओढू नकोस, लाइट आल्यावर व्हीसीआरच्या बटणानंच बाहेर काढ. कॉम्प्युटरवर घेताना सेटिंग 'पीएएल' (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. 'रुकावट के लिए खेद है' ही दूरदर्शनची पाटी कापून टाकू नकोस, तीही त्या रविवारची आहे.

अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी सगळ्यात सोप्या, म्हणून लोक त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. तबकडी लॅपटॉपमध्ये घाल, एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर उघड, त्यातल्या डीएटी फाइली तशाच उचलून ठेव. व्हीएलसी या प्लेअरवर चालतात. पुसायचं ते मधून कडेकडे सरळ रेषेत. नाव लिहायच्या बाजूवर बॉलपेन नको, माहितीचा थर त्याच बाजूला लगेच खाली असतो.

फाइलच्या नावात साल, बाजू आणि कोण गातंय ते लिही. कोण गातंय हे आजी सांगेल. तिला उतरवलेली फाइल ऐकव, कॅसेट नाही. ती नावं सांगेल, मधेच रडेल, तूही रडशील. फोनवर तेही भरून घे, आणि तीच नावं तिच्याच समोर कागदावर घे.

प्रती तीन. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी, नाशिकच्या मावशीकडे दे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि उतरवून झालं म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत कॅसेटी भंगारवाल्याला द्यायला आई निघेल. देऊ नकोस. उद्या याहून चांगलं मशीन हाताशी आलं तर पुन्हा उतरवावं लागेल.

बुरशीवाल्या किती निघाल्या ते कळव. त्यांचं वेगळं सांगतो, तोवर पिशवी उघडू नकोस.