बंद पेट्रोल पंपाच्या जागेवरची तीन फूट माती काढली की काम झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडाळ्याला सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये शेजारचा बंद पेट्रोल पंप आलाय. टाक्या उपसल्यावर खालची माती काळी आणि वासाची निघाली. बिल्डर म्हणतो, सरसकट तीन फूट काढून डंपरमध्ये टाकली की विषय संपला.

नाही संपत. मी गेली चौदा वर्षं मुंबई-ठाण्यात असल्या जागांवर मातीचे नमुने घेतोय, आणि हा ‘तीन फूट’ आकडा मला नवा नाही. तो डंपरच्या हिशेबातून येतो, मातीतून नाही. गळती बहुधा पाइपच्या सांध्यांना, टँकर खाली करतात त्या तोंडापाशी, नाहीतर डिस्पेन्सरखाली झालेली असते. तिथून तेल भरावातून खाली उतरतं आणि पाणी लागलं की त्यावर तरंगत आडवं पसरतं. आपल्याकडे पाण्याची पातळी मे महिन्यात खाली, ऑगस्टमध्ये पार वर. तेलही दरवर्षी तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि मधली सगळी माती माखून ठेवतं. त्यामुळे वरची तीन फूट चांगली आणि खरी घाण त्याखाली, असं पुष्कळदा निघतं. पोकलेन लावायच्या आधी चार-सहा बोअर मारून तेल कुठवर गेलंय ते बघायला सांगा. त्याचा खर्च नंतरच्या डंपरच्या फेऱ्यांपुढे किरकोळ असतो.

रंगावर जाऊ नका. वडाळा, शिवडी, माहूल पट्ट्यात भरावाखाली खाडीचा काळा चिखल लागतोच, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. त्यात तेलाचा काही संबंध नाही. आम्ही साइटवर एक साधी गोष्ट करतो. बादलीभर पाण्यात ढेकूळ सोडायचं आणि वर आलेल्या तवंगात काडी फिरवायची. तेलाचा तवंग फाटला तरी लगेच पुन्हा जुळून येतो. लोखंडावर जगणाऱ्या जीवाणूंचा असेल तर फुटक्या काचेसारखे तुकडे होतात, आणि ते तसेच सुटे राहतात. नाकाने तपासायची हौस मात्र कुणाला करू देऊ नका. पेट्रोलमधलं बेंझिन कॅन्सरकारक आहे.

पुढची पायरी पिशवीची. झिपच्या पिशवीत अर्धी माती, ढेकळं बाहेरून चुरायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि आत पीआयडी नावाच्या वाफा मोजणाऱ्या यंत्राची नळी घालायची. यातून कोणती बाजू जास्त खराब आहे एवढंच कळतं. भर पावसात ओलाव्यामुळे हे यंत्र भलतेच आकडे दाखवतं. शिवाय जुनं डिझेल फारसं उडत नाही, म्हणजे आकडा शून्याजवळ आणि माती तेलाने ओली, असंही होतं. ‘मशीनवर काही आलं नाही’ हा पुरावा मानू नका.

खरा निकाल लॅबचा. टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पेट्रोल, डिझेल आणि जड तेल असे वेगळे करून मागा. सोबत बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन आणि पीएएच, म्हणजे अनेक कड्यांचे जड हायड्रोकार्बन. पंप जुना असेल तर शिसंही, कारण देशभरात शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते 2000 साली. नमुना टेफ्लॉनच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ दाबून, लगेच बर्फात. बेंझिनसाठी चार ठिकाणची माती घमेल्यात कालवून ‘सरासरी नमुना’ करणारा दिसला तर तिथेच थांबवा. कालवताना जे मोजायचं तेच उडून जातं.

आणि नमुने खड्ड्याच्या चारही भिंतींचे आणि तळाचे हवेत, खड्डा बुजवायच्या आधी. एका उपनगरातल्या कामावर ठेकेदाराने शनिवारी मुरूम टाकून खड्डा भरला आणि मंगळवारी रिपोर्ट आला. तीन भिंती पास, पश्चिमेची नापास. तिथून जुन्या पाइपचा चर गेला होता. चांगला मुरूम आता खराब मातीत मिसळलेला, म्हणून तोही घाण समजून उचलावा लागला. बिल त्यांनी आमच्याच माथी मारायचा प्रयत्न केला, ती वेगळी कहाणी.

‘किती असलं की चालतं’ याचं एका आकड्यात उत्तर नसतं. घरं बांधायची की पार्किंग, विहीर जवळ आहे का, यावर ते ठरतं. अंदाजासाठी आपल्याकडचे सल्लागार बरेचदा डच, म्हणजे नेदरलँड्समधल्या माती प्रदूषणाच्या मर्यादा वापरतात. त्यात खनिज तेल किलोला 5000 मिलिग्रॅमच्या वर गेलं की हस्तक्षेप करायचा. बेंझिनची मर्यादा जेमतेम 1.1 मिलिग्रॅम. म्हणून टीपीएच पास झालं तरी बेंझिनची ओळ वाचा. केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियमही काढलेत. तुमच्या वकिलाला ते वाचायला लावा.

खोदताना पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्याच्या तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आतबाहेर झाली की ठिणगीला पुरते. कामगार उतरण्याआधी गॅस मीटर खाली सोडलाच पाहिजे. काढलेली माती प्लॅस्टिकवर, वरून ताडपत्री. खड्ड्यातलं पाणी पंपाने रस्त्याच्या गटारात सोडायचं नाही, पण रात्री नेमकं तेच होतं.

डंपर कुठे जाणार ते लेखी घ्या. लॅबच्या निकालावरून माती घातक कचऱ्यात बसली तर ती तळोज्याच्या घातक कचरा सुविधेसारख्या अधिकृत ठिकाणी फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टवरच, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रावरच, जाते. प्रत्येक फेरीच्या मॅनिफेस्टची प्रत आणि वजनकाट्याची पावती सोसायटीच्या फाइलला लावा, आणि दोन्हींचं टनेज जुळतंय का ते महिन्याअखेर नाही, त्याच दिवशी बघा.