तार कुणी छेडली?

मिरज,
श्रावणातला रविवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवाच मिळालं. एम.एस्सी.नंतर मेंदूवर संशोधन करायचं, तेही जाणीव आणि सर्जनशीलता या विषयांवर, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुझ्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘कल्पना मेंदूत नेमकी कुठे सुचते ते मला शोधायचंय,’ असं तू लिहिलंयस. या ‘कुठे’विषयी आधी बोलते.

माणसाच्या मेंदूत जवळपास ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीवाटीनं बसलेल्या. जाणीव पेशींच्या संख्येवर ठरत असती तर तिचा मुक्काम तिथेच हवा होता. पण चीनमधली २४ वर्षांची एक बाई चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेली आणि तपासणीत कळलं, की तिला जन्मापासून लहान मेंदूच नाही. चालायला, बोलायला ती उशिरा शिकली होती, तोल थोडा जायचा, पण तिचा संसार होता, मुलगी होती. जागेपणी जग जसं तुला मला जाणवतं तसं तिलाही जाणवत होतं. लहान मेंदूची रचना आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यांसारखी आहे. प्रत्येक गाळ्यात उलाढाल जोरात, पण शेजारच्या गाळ्याशी देणंघेणं थोडं. मोठ्या मेंदूच्या सालीत मात्र निरोप निघतो, लांबवर पोचतो आणि उलटून परतही येतो. म्हणून आता ‘कुठे’पेक्षा ‘कुणाचं कुणाशी बोलणं चालू आहे’ हे विचारलं जातं.

हे बोलणं थेट तपासणारा एक प्रयोग मला फार आवडतो. मासिमिनी, टोनोनी या मेंदूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. कवटीवर बाहेरून चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि ईईजीनं, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विजेची हालचाल टिपून, पाहायचं, की त्याचे तरंग कुठवर जातात. जाग्या माणसात ते एका भागातून दुसऱ्या भागात फिरत गेले. तोच माणूस गाढ झोपल्यावर ठोका दिल्या जागीच वाजला आणि विझला. पेशी त्याच, तारा त्याच, पण झोपेत त्यांचं एकमेकींशी बोलणं तुटलेलं. पुढे २०१३ मध्ये या तरंगांच्या गुंतागुंतीला आकड्यात मोजायची पद्धत निघाली. बोलू न शकणारा रुग्ण आतून जागा आहे का, हे जोखायला तिचा उपयोग होतो.

ही गोष्ट माझ्या जिवाची आहे. आपली मिरज दवाखान्यांची. वर्षानुवर्षं मी इथल्या अतिदक्षता विभागांच्या बाहेर बाकांवर बसलेले नातेवाईक पाहिलेत. एकदा एका आईनं माझा हात धरून विचारलं, ‘बाई, त्याला माझं ऐकू येतं का हो?’ मुलगा अपघातातला, तीन आठवडे डोळे उघडे, पण ओळख नाही. मी म्हटलं, ‘नाही येत, माई.’ फार खात्रीनं म्हटलं. तेव्हाचं ज्ञान तेवढंच होतं, पण ती खात्री माझी मी घातलेली होती. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटानं अशाच एका प्रतिसाद न देणाऱ्या तरुणीला एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचे कुठले भाग कामात आहेत ते रक्तप्रवाहावरून दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, सांगितलं, ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ निरोगी माणसाच्या मेंदूत तेव्हा जे भाग उजळतात तेच तिच्या मेंदूत उजळले. २०२४ मध्ये मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच करून दाखवू न शकणारे २४१ रुग्ण, आणि त्यातल्या ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. चारांत एक! त्या माईला मी काय सांगून बसले होते, हे मला आजही टोचतं. जाणिवेवर काम करणार असशील तर त्या बाकावर जाऊन बस. प्रश्न कुणाचा आहे ते तिथे कळतं.

आता जे तुला मुद्दाम सांगायचंय ते. गेल्या आठवड्यात माझा तानपुरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते. जवारी, म्हणजे तार टेकते त्या घोडीची घासून आणलेली गोलाई, बिघडली होती, स्वर बोथट येत होता. कारागिरानं घोडी काढली, कानस दोनदा फिरवली, घोडी बसवली, तारेखाली सूत सरकवलं, तार छेडली, कान दिला. मान हलवली. पुन्हा कानस. सबंध दुपार हेच. मी बसून राहिले. शेजारी नवी सतार टांगलेली होती. तो तानपुऱ्याची तार छेडायचा आणि तिकडे सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, आपोआप गुणगुणायच्या. कुणी हात लावलेला नाही आणि दोन तरफा अगदी एकसाथ वाजतायत!

तिथेच तुझी आठवण झाली. तू ज्या अभ्यासात शिरते आहेस, त्यातलं बहुतेक काम या दोन तरफांसारखं आहे. मेंदूच्या दोन भागांतलं काम एकाच वेळी वरखाली होतं, आपण त्यांच्यातला सहसंबंध काढतो आणि त्याला ‘जोडणी’ म्हणतो. रंगीत चित्रात त्यांच्यामध्ये एक जाड रेघ येते. पण त्या दोन तरफा एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. तिसरीकडे कुणीतरी तार छेडली होती.

मी स्वतः यात फसलेय. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी गाणं ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांचा ईईजी घेत होते. आकडे काढले तर डोक्यावरच्या सगळ्याच जागा एकमेकींशी घट्ट जोडलेल्या. मला वाटलं, संगीत मेंदूला एकसंध करतं! तीन महिने मी त्या आनंदात होते. शेवटी आमच्या तंत्रज्ञांनी शांतपणे विचारलं, ‘ताई, कानावरची पेस्ट बघितली का?’ ईईजीत प्रत्येक जागेचा विद्युतदाब एका संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजतात. माझा तो इलेक्ट्रोड कानाच्या पाळीवर होता आणि त्याची पेस्ट सुकून सैल झाली होती. त्याची थरथर सगळ्या वाहिन्यांत उतरली होती. मला दिसलेली एकसंधता त्या एका कानाची होती. तीन महिन्यांचं काम मी फाडून टाकलं आणि त्या रात्री खूप रडले.

पण उलट गोष्टही ऐक. भरत बिस्वाल अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी असताना एफएमआरआयमधला गोंगाट कमी करायच्या मागे होते. माणूस काहीही न करता पडून असतानाचा संदेश म्हणजे कचरा, असाच तेव्हा समज. त्यांनी तो कचरा पाहिला. डाव्या हाताची हालचाल सांभाळणारा भाग आणि उजव्या हाताची सांभाळणारा भाग, हात स्थिर असतानाही एकत्र हेलकावत होते. एकेक लाट दहा सेकंदांहून लांब, संथ. १९९५ मध्ये हे छापून आलं तेव्हा अनेकांनी मानलं नाही. आज विश्रांतीतल्या मेंदूच्या जोडण्यांचा सगळा अभ्यास त्या निरीक्षणावर उभा आहे.

आणि २०१२ मध्ये पुन्हा धक्का. स्कॅनरमध्ये डोकं अगदी मिलिमीटरच्या अंशानं हललं तरी जवळच्या भागांच्या जोडण्या फुगतात आणि लांबच्या कमी दिसतात, हे सेंट लुईसच्या पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे ‘वय वाढतं तशा जवळच्या जोडण्या सैल आणि लांबच्या घट्ट होतात’ या गाजलेल्या निष्कर्षात मुलांच्या चुळबुळीचाही वाटा निघाला. तो निष्कर्ष मांडणाऱ्यांपैकी काही जण याच गटातले, तरी त्यांनी ही चूक उघडपणे मांडली. मला या माणसांविषयी फार आदर आहे.

गोंगाट कधी शोध निघतो, कधी फसवणूक. सूत्र लावून हे कळत नाही. कच्च्या डेटापुढे तासन् तास बसल्यावर कळायला लागतं, त्या कारागिराच्या कानासारखं.

सर्जनशीलतेकडे येते. उजवा मेंदू कलावंत आणि डावा हिशेबी, हे सोडून दे. २०१३ मध्ये १,०११ जणांच्या स्कॅनमध्ये अशी ‘उजवी’ किंवा ‘डावी’ माणसं सापडली नाहीत. बीटी आणि सहकाऱ्यांचं २०१८चं काम मात्र नीट वाच. १६३ जणांना स्कॅनरमध्ये रोजच्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले. ज्यांना जास्त अनोखं सुचलं, त्यांच्यात मन भटकतं तेव्हाचं जाळं, लक्ष आवरणारं जाळं आणि महत्त्वाचं काय ते हेरणारं जाळं, ही तिन्ही एकमेकांशी अधिक जोडलेली होती. पहिली दोन सहसा पाळीपाळीनं काम करतात, म्हणून हे लक्षवेधी. जोडण्या आणि सुचणं यांतला संबंध मात्र बेताचाच होता, हे विसरू नकोस.

आणि एक प्रश्न तुझ्यासाठी राखून ठेवलाय. या चाचणीचं जुनं उदाहरण म्हणजे विटेचे उपयोग. ‘अनोखं’ म्हणजे काय, तर गटात फार थोड्यांनी दिलेलं उत्तर. आता आपल्या तासगावच्या पोराला विचार. तो पटकन म्हणेल, ‘विठोबाला उभं राहायला.’ अमेरिकेतल्या गटात हे उत्तर लाखात एक ठरेल, इथे निम्मा वर्ग तेच सांगेल. उलट कृष्णाकाठच्या वीटभट्टीवर वाढलेली मुलगी विटेविषयी असं काही सांगेल, जे शहरातल्या गुण देणाऱ्याला समजणारही नाही. मराठी मुलांची मराठी उत्तरं गोळा करून मोजमापच आधी नीट बसवणं, हे काम सांगलीत बसून होण्यासारखं आहे. स्कॅनर लागत नाही. माझ्या मते तुझी सुरुवात इथून व्हावी.

जाणिवेच्या सिद्धांतांच्या भांडणात इतक्यात पडू नकोस. एवढं बघ, की दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांच्या लोकांनी आपापली भाकितं आधी लिहून दिली, २५६ जणांवर एकत्र प्रयोग केला, आणि २०२५ मध्ये निकाल छापला तेव्हा दोघांचीही काही भाकितं चुकलेली होती. तूही वहीत तारीख घालून आधी लिहीत जा, काय दिसलं तर तुझं म्हणणं चुकलं ते.

पीएच.डी.साठी मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं निम्हान्स आणि आयआयएससी बघ. मद्रास आयआयटीच्या मेंदू केंद्रानं २०२४च्या डिसेंबरात गर्भातल्या बाळांच्या मेंदूचे ५,१३२ छेद जगासाठी खुले केले, तेही पाहून ठेव. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा सुमारे १,२०० तरुणांच्या स्कॅनचा डेटा नोंदणी करून घेता येतो. सगळे एकदम उघडू नकोस. एकाच माणसाचा उतरवून घे आणि लगेच जोडण्या काढायला धावू नकोस. आधी डोकं किती हललं त्याचा आलेख काढ.

तानपुरा गुरुवारी मिळणार आहे. सकाळच्या एसटीनं ये, म्हणजे आधी गल्लीत जाऊन तो घेऊ, तुला जवारी लावताना बघताही येईल. लॅपटॉप बरोबर आण. तुझ्या त्या पहिल्या माणसाचं डोकं कुठल्या मिनिटाला हललं, ते दुपारी जेवण झाल्यावर दोघी मिळून शोधू.

तुझ्या
मॅडम